तीन यत्तांच्या लाटा : श्रीलंकेचा दक्षिण किनारा

शनिवार, ८ फेब्रुवारी २०२५ : कोलंबो ते वेलिगामा

आमच्या घरात सर्फिंगच्या तीन यत्ता आहेत. भाचा कर्नाटकात मुळकीला शिकला. तो आखूड बोर्ड वापरतो आणि उभ्या, पोकळ लाटेच्या शोधात असतो. मी गोव्यात आश्वेला शिकले. लांब बोर्डावर उभी राहून न फुटलेल्या लाटेवर तिरकी जाते, पण डोक्याएवढी लाट आली की बाजूला होते. आणि ताई, म्हणजे भाच्याची आई, नाशिकला गोदावरीत पोहायला शिकलेली. बोर्डाला तिनं आजवर हातही लावलेला नव्हता. एकाच आठवड्यात या तिघांनाही आपापली लाट मिळायची, तर श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यासारखी दुसरी जागा नाही असं माझं ठाम मत आहे. हिक्कडुवापासून हिरिकेटियापर्यंत नव्वदेक किलोमीटरांत अगदी पहिल्या दिवसापासून ते पुरत्या मुरलेल्या सर्फरपर्यंत सगळ्यांची सोय आहे. कुणी कुठे उतरायचं, एवढं मात्र नीट ठरवावं लागतं.

कोलंबोच्या फोर्ट स्टेशनवरून दक्षिणेला जाणारी गाडी पकडली तर उजव्या बाजूला बसावं. रूळ काही ठिकाणी पाण्याच्या इतके जवळून जातात की खिडकीतूनच लाटा वाचता येतात. हिक्कडुवाच्या अलीकडे पेरलिया लागतं. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत याच मार्गावरची प्रवासी गाडी इथे पाण्यात गेली आणि हजाराहून जास्त माणसं गेली. पेरलिया मागे पडेपर्यंत आमच्या डब्यातली एक आजी हात जोडून बसली होती. आम्हीही गप्प झालो.

पुढे गॉलला गाडी तोंड फिरवते, तेव्हा भाच्यानं ताईला हंगामाचं गणित सांगितलं. इथे येणाऱ्या लाटा इथल्या वाऱ्यानं तयार होत नाहीत. खाली दक्षिण महासागरात वादळं होतात, तिथली ऊर्जा हजारो किलोमीटर प्रवास करून इथे पोचते. लंकेच्या दक्षिण टोकापासून सरळ खाली अंटार्क्टिकापर्यंत मधे जमीन नाही आणि इथला समुद्रबूड उथळ पट्टाही अरुंद आहे, त्यामुळे लाट फारशी न थकता किनारा गाठते. आपल्या कोकणासमोर तो उथळ पट्टा फार रुंद आहे, लाटेचा बराच जोर त्यावरच जिरतो. मे ते सप्टेंबर इथे लाटा सगळ्यात मोठ्या असतात, पण नैर्ऋत्य मोसमी वारा समोरून येऊन त्यांचा चेंदामेंदा करतो. नोव्हेंबर ते एप्रिल लाट जरा लहान असते आणि वारा जमिनीकडून वाहतो, म्हणून पाणी नितळ राहतं. नवशिक्याला घेऊन जायचं तर हेच महिने.

रविवार : वेलिगामा

वेलिगामाचा उपसागर रुंद आणि वाळूचा आहे, उतार अगदी हलका. नवशिक्याच्या दृष्टीनं सगळं महत्त्व या उताराला. लाट साधारण स्वतःच्या उंचीच्या सव्वा-दीडपट खोलीच्या पाण्यात पोचली की फुटते. तळ हळूहळू वर येत असेल तर ती वरून सांडत सांडत, दमादमानं फुटते. तळ एकदम वर आला, म्हणजे समोर खडकाची भिंत असली, तर तीच लाट उभी राहून पुढे फेकली जाते. दोन्ही ठिकाणी लाटेची उंची सारखी असली तरी माणसाच्या पाठीवर पडणारा जोर सारखा नसतो. म्हणून ‘लाट केवढी आहे?’ हा प्रश्न मी सगळ्यात शेवटी विचारते. आधी विचारायचं ते खाली काय आहे, बाहेर यायची वाट कुठली आणि पाण्यात आणखी कोण कोण आहे.

आमचा शिकवणारा तिथलाच, मासेमारी करणाऱ्या घरातला. तो ताईला ‘अक्का’ म्हणू लागला आणि तिचा अर्धा धीर तिथेच बांधला गेला. पहिला अर्धा तास वाळूवरच गेला. बोर्डावर पालथं कसं झोपायचं, पायाची बोटं बोर्डाच्या शेपटाकडे कुठे यायला हवीत, छातीखाली हात टेकून एका झटक्यात कसं उठायचं. बोर्ड नऊ फुटी, वरून मऊ फोमचा. अंगात लांब बाह्यांचा लायक्रा आणि खाली पूर्ण लेगिंग. मी हे मुद्दाम सांगितलं होतं. फोमवर घासून पोट आणि गुडघे सोलवटतात, आणि या उन्हात पाठ तासाभरात भाजून निघते.

मग कमरेएवढ्या पाण्यात, फुटून गेलेल्या लाटेच्या पांढऱ्या फेसावर. नवशिक्यानं सुरुवातीला फेसाच्या पलीकडे जाऊच नये. फेस ढकलतो, बुडवत नाही, आणि पडलं तर पाय वाळूला लागतात. शिकवणारा बोर्ड धरून थांबायचा, लाट येताना बघून ‘पॅडल, पॅडल, अप!’ म्हणायचा. ताई आधी गुडघ्यांवर, मग एका पायावर, मग धडपडत दोन्ही पायांवर. ती उभी राहिली तेव्हा भाचा पाण्यातून असा ओरडला की शेजारचे जर्मन पाहुणेही टाळ्या वाजवू लागले.

वेलिगामाचा खरा धोका गर्दीचा आहे. एकाच पट्ट्यात डझनावारी नवशिके असतात आणि प्रत्येकाच्या पायाला दोरीनं बांधलेला मोठा बोर्ड असतो. दोन गोष्टी ताईकडून पाठ करून घेतल्या. एक, बोर्ड कधीही आपल्या आणि येणाऱ्या लाटेच्या मधे धरायचा नाही, तो अंगावरच येतो. दुसरी, पडल्यावर डोकं हातांनी झाकूनच वर यायचं. फळकुटासारख्या कडक बोर्डावर शिकवायला कुणी तयार झालं तर सरळ नाही म्हणावं. गर्दीत फोमच हवा.

संध्याकाळी मडक्यातलं म्हशीचं दही आणि वर कितुलच्या ताडाचा पाक. हा सगळा भाग त्यासाठी प्रसिद्ध आहे आणि तो लौकिक खरा आहे.

सोमवार

पुन्हा वेलिगामा. ताईला रोज जागा बदलून द्यायची नाही हे आम्ही आधीच ठरवलं होतं. एकाच लाटेची सवय होऊ द्यावी, शरीर तेव्हाच शिकतं. सकाळी सातलाच उतरलो. इथे पहाटे जमिनीकडून मतलई वारे असतात, पाण्यावर सुरकुतीही नसते. अकराच्या सुमाराला खारे वारे सुरू होतात आणि पाणी चुरगळत जातं. शाळेत भूगोलाच्या तासाला पाठ केलेले हे दोन वारे सर्फिंगमध्ये रोजचा दिवस ठरवतात.

मंगळवार : मिदिगामा

टुकटुकच्या टपावर बोर्डांसाठी दांड्या बसवलेल्या असतात. वेलिगामाहून मिदिगामा त्यात पंधरा-वीस मिनिटांत येतं. आज माझी पाळी.

मिदिगामाच्या लहानशा पट्ट्यात ओळीनं लाटा आहेत: लेझी लेफ्ट, कोकोनट्स, प्लँटेशन्स, रॅम्स. सगळ्या खडकावरच्या. मी लेझी लेफ्ट निवडली. नावात लेफ्ट आहे ते किनाऱ्याकडे तोंड करून लाटेवर असलेल्या माणसाचं डावं. वाळूवरून बघणाऱ्याला लाट उजवीकडे सरकताना दिसते. खाली खडक असला तरी वर पाणी पुरेसं असतं आणि लाट घाई करत नाही. लांब बोर्डावर मध्यम पातळीच्या माणसाला पहिली खडकावरची लाट म्हणून मी हीच सुचवेन.

उतरण्याआधी मात्र अर्धा तास बसून पाहिलं. लाटा गटागटानं येतात. दोन गटांमधे किती शांतता आहे ते मनात धरायचं. लोक कुठून आत जातात आणि कुठून बाहेर येतात ते पाहायचं. दोन फुटणाऱ्या लाटांच्या मधे जिथे पाणी सपाट, जरा गडद दिसतं, तिथून किनाऱ्यावर साठलेलं पाणी परत समुद्रात जात असतं. नवशिक्या पोहणाऱ्याला ती ओढ धोक्याची असते. ज्याच्या हातात बोर्ड आणि खांद्यात ताकद आहे, त्याला तीच लाटांच्या बाहेर नेणारी वाट होते. ताईला हे दाखवलं आणि समजा तुझा बोर्ड सुटून तू अशा ओढीत सापडलीस तर काय करायचं तेही सांगितलं: तिच्याविरुद्ध पोहायचं नाही, किनाऱ्याला समांतर जात बाहेर पडायचं.

खडकावर पडताना पाय खाली सोडायचे नाहीत, पसरून आडवं पडायचं. खडकात काटेरी सी अर्चिन असतात आणि त्यांचे काटे तळव्यात मोडून राहतात. आत गेल्यावर लाटेची वाट बघत बसलेल्यांच्या रांगेचा रिवाज कडक आहे: लाट जिथे आधी फुटते त्याच्या सगळ्यात जवळ जो असेल, तिच्यावर हक्क त्याचा. त्याच्या पुढ्यात उतरणं म्हणजे त्याला धोक्यात टाकणं. नवीन माणसानं रांगेच्या कडेला थांबावं, सुटलेल्या लाटा घ्याव्यात. मी तेच केलं, आणि कडेलाच इतकी लांब, सावकाश लाट मिळाली की तिच्यावर असताना किनाऱ्यावरची माडांची रांग एकेक माड मोजता यावा अशी समोरून गेली.

दुपारच्या आत भाच्यासाठी रॅम्स पाहायला गेलो. ही उजवी लाट आहे, या किनाऱ्यावरची सगळ्यात पोकळ म्हणून सर्फरांमध्ये ओळखली जाते, आणि तिच्याखालचा खडक फार उथळ आहे. दुसऱ्या दिवशी पौर्णिमा, म्हणजे उधाणाचे दिवस. लंकेत भरती-ओहोटीतला फरक मीटरभरही नसतो. मुंबईत उधाणाची भरती साडेचार मीटरवर जाताना पाहिलेल्या माणसाला तो नगण्य वाटतो. पण ज्या खडकावर मुळातच हातभर पाणी आहे, तिथे तेवढ्यानंही सगळं बदलतं. त्या आठवड्यात नितळ सकाळ आणि उधाणाची ओहोटी नेमक्या एकाच वेळी येत होत्या. गट आला की लाटेच्या पायथ्याशी पाणी ओढलं जायचं आणि काळा खडक उघडा पडायचा.

‘‘मावशी, आज नको,’’ भाचा म्हणाला. ‘‘ओहोटी पुढे सरकू दे. शनिवारी पहाटे पाणी जास्त असेल.’’

‘‘मला यातलं काही कळत नाही,’’ ताई म्हणाली, ‘‘पण तो खडक मला इथून दिसतोय.’’

एकोणिसाव्या वर्षी बोर्ड हातात असताना, पाण्यात दहा जण मजेत दिसत असताना, ‘आज नको’ म्हणता येणं ही मला त्याच्या उभं राहण्यापेक्षा मोठी प्रगती वाटली. तो मग प्लँटेशन्सला गेला. ती लाटही उजवी, पण वर पाणी अधिक. डावा पाय पुढे ठेवून उभा राहत असल्यानं उजव्या लाटेवर त्याचं तोंड लाटेकडे असतं. नवीन खडक पारखताना अशी समोर दिसणारी लाट आधी घ्यावी.

बुधवार : पोया

नवम पोया, म्हणजे पौर्णिमेचा बौद्ध सण, सुट्टी. देवळांकडे पांढऱ्या कपड्यांतली कुटुंबं चालली होती. ताईचे खांदे भरून आले होते, म्हणून गॉलचा किल्ला पाहिला. डचांनी वाढवलेल्या तटावरून फिरताना भाचा आणि मी खालच्या खडकांवरच्या लाटाच बघत होतो. ताईनं मात्र किल्ला मनापासून पाहिला.

गुरुवार : कबालाना

रात्रीत समुद्र वाढला. अंदाजात उंची फार वाढलेली नव्हती, पण दोन लाटांमधला काळ सोळा सेकंदांवर गेला होता, आणि हा आकडा उंचीइतकाच बोलका असतो. सात सेकंदांची मीटरभर लाट जवळच्या वाऱ्यानं उठवलेली असते, किनाऱ्याशी येऊन चुळबूळ करते. सोळा सेकंदांची मीटरभर लाट दूरवरून आलेली असते आणि उथळ पाण्यात शिरताना आपल्या आकड्यापेक्षा बरीच उंच उठते. अंदाज बघताना उंची, काळ, दिशा आणि वारा हे चारही एकत्र वाचायचे.

वेलिगामाचं रूप सकाळी पार बदलून गेलं होतं. लाटा उपसागराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदम कोसळत होत्या; अशा लाटेवर तिरकं जायला जागाच उरत नाही. शिकवणाऱ्यानं ताईला गुडघाभर पाण्यातल्या फेसातच ठेवलं आणि तासाभरात बाहेर काढलं. जागेवर ‘नवशिक्यांसाठी’ असा शिक्का कायमचा नसतो, तो त्या सकाळच्या समुद्रापुरता असतो. शिकवणारा चांगला की नाही, हेही अशाच दिवशी कळतं. पैसे घेऊन झालेले असताना जो ‘आज पुरे’ म्हणतो, त्याच्याकडे पुन्हा जावं.

अहंगामाजवळच्या कबालानाला भाच्याचा दिवस झाला. तिथल्या खडकावर लाट मधोमध टोक काढून उठते आणि डावी-उजवी दोन्हीकडे उघडते. लहान समुद्रात याच किनाऱ्यावर आतल्या फेसात शिकवण्या चालतात. आज तिथे एकही फोमचा बोर्ड नव्हता. मी उतरले नाही. वाळूवरून त्याला पाहत राहिले. एक लाट त्यानं उजवीकडे घेतली ती तीन वळणं घेत पार संपेपर्यंत, आणि परत वाटेनं वल्हवत जाताना त्यानं वर हात केला.

अहंगामा-कोग्गलाच्या पट्ट्यात पाण्यात रोवलेल्या काठ्यांवर बसलेले मासेमार दिसतात. आता त्यातले बरेच जण फोटोसाठी बसतात आणि पैसे मागतात. द्यावेत. त्या काठ्यांवर बसून मिळणाऱ्या मासळीवर आज घर चालत नाही.

शुक्रवार : हिरिकेटिया

समुद्र पुन्हा खाली आला. मातरा, मग दोंद्राचं दीपगृह, लंकेचं दक्षिण टोक, आणि पुढे डिक्वेलाजवळ हिरिकेटिया. घोड्याच्या नालेच्या आकाराचा छोटा उपसागर, दोन्हीकडे झाडीनं भरलेले सुळके. या आकारामुळे आत शिरणाऱ्या लाटेचा जोर कडांना वाकून वाटला जातो, आणि एकाच पाण्यात तीन यत्ता भरतात. एका टोकाच्या खडकाशी डावी लाट फुटते, तिथे अनुभवी लोक बसतात. तीच लाट आत सरकताना मऊ पडते, तिथे माझ्यासारखे. आणि मधे वाळूवर फेस पोचतो, तिथे शिकणारे.

पूर्ण प्रवासात आम्ही तिघं एकाच वेळी पाण्यात होतो ते इथे. भाचा टोकाला, त्याच्या आतल्या बाजूला मी, आणि ताई शिकवणाऱ्याशिवाय, स्वतः लाट निवडत. इथला तोटाही आकारातूनच येतो. उपसागर लहान, माणसं फार, आणि टोकाकडून सुसाट येणाऱ्याच्या वाटेत शिकणारे येतात. म्हणून ताईला किनाऱ्यावरचं एक माडाचं झाड खूण म्हणून दिलं: त्याच्या समोरून टोकाच्या दिशेला सरकायचं नाही. पाण्यात आपण सरकतोय हे कळत नाही, जमिनीवरची खूणच सांगते.

ताई सारखी माडाकडे बघत होती आणि सरकली की चालत परत येत होती. मग एक लाट फेस होण्याआधीच तिनं पकडली. हिरवी, अजून न फुटलेली. ती उठली, गुडघे वाकलेले, नजर पायांकडे न जाता समोर, आणि सरळ वाळूपर्यंत आली. मी माझी लाट सोडून दिली ते बघायला. पुढची किती तरी मिनिटं ती कुणाशी बोलली नाही, बोर्ड काखेत धरून नुसती उभी होती.

परतताना मिरिस्साला थांबलो. बंदराच्या बाजूच्या खडकावर उजवी लाट आहे, मध्यमच्या वरच्या लोकांसाठी, जागा कमी. निळे देवमासे पाहायला जाणाऱ्या होड्या इथूनच सुटतात.

शनिवार : रॅम्स, मग हिक्कडुवा

पहाटे साडेसहाला भाचा रॅम्सला उतरला. ओहोटी आता उशिरा होती, खडकावर पाणी होतं, वारा जमिनीकडून. रांगेत पाच-सहा जण, बहुतेक तिथलेच. त्यानं सगळ्यांना मान हलवून नमस्कार केला आणि कडेला बराच वेळ नुसता बसला. एकानं बोटानं त्याला बसायची जागा दाखवली, तेव्हा पहिली लाट घेतली. मग दुसरी, तिच्या पोकळीत क्षणभर दिसेनासा झाला आणि बाहेर आला. ताई माझा दंड धरून उभी होती. थोड्याच लाटा घेऊन, पाणी उतरायच्या आत तो स्वतःहून बाहेर आला. पायाला ओरखडा नाही.

दुपारी बसनं हिक्कडुवा.

रविवार : हिक्कडुवा

ही या किनाऱ्यावरची सर्फिंगची जुनी वसाहत. मेन रीफवर मध्यम माणसाला डावी-उजवी दोन्ही मिळतात, दक्षिणेला नारिगामाच्या वाळूवर शिकणाऱ्यांना जागा आहे, आणि बेनीज ही डावी लाट मोठ्या समुद्रातच जागी होते. ती फक्त जाणत्यांची. इथला प्रवाळाचा भाग २००२ पासून राष्ट्रीय उद्यान आहे. त्यावर उभं राहू नये, आणि किनाऱ्याशी येणाऱ्या कासवांना शेवाळ भरवण्यासाठी जमणाऱ्या गर्दीत आपण सामील होऊ नये.

मी सकाळी मेन रीफवर, ताई आणि भाचा नारिगामाला. तो तिला वळायला शिकवत होता: आधी मान, मग खांदा, बोर्ड आपोआप मागून येतो.

रात्री कोत्तूच्या, म्हणजे रोटीचे तुकडे परतून केलेल्या पदार्थाच्या, ताटावर पुढचं ठरलं. मे महिन्यात वारा फिरला की हा किनारा खवळतो आणि हंगाम पूर्वेला अरुगम बेला जातो, सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत तिथेच असतो. तिथल्या मेन पॉइंटवर २०१९ मध्ये वर्ल्ड सर्फ लीगची स्पर्धा झाली. लांबलचक उजवी लाट, भाच्यासाठी. मला पोत्तुविल पॉइंट, जिथे लाट वाळूच्या कडेनं लांबवर जाते. ताईनं व्हिस्की पॉइंट आणि पीनट फार्म ही दोन नावं वहीत लिहून घेतली, त्यांच्यापुढे ‘तळ?’, ‘वाट?’, ‘गर्दी?’ असे रकाने आखले, आणि जुलैची रजा आधी कोण टाकणार असं भाच्याला विचारलं.